तिसावा चेंडू

रेणुकामातेच्या टेकडीवर ऊन यायच्या आत पातूरच्या मैदानावर पोरं जमतात. त्यातल्या एका सोळा वर्षांच्या पोराचा हात मी दीड वर्षापासून बघतोय. तो पळत येतो, डावा पाय क्रीजवर आपटतो, आणि तिथून उठलेला जोर कंबर, पाठ, खांदा असा चढत बोटांत उतरतो. चेंडू सुटला की उजवा हात डाव्या मांडीपलीकडे जाऊन थांबतो. माझी नजर त्या थांबणाऱ्या हातावर असते. थकवा आला की आधी तोच आखडतो.

प्रत्येक चेंडूला मी वहीत एक रेघ मारतो. तीस झाल्या की बस.

"अजून एक ओव्हर टाकू द्या न सर. काही दुखत नाही जी."

सतराव्या वर्षी माझंही काही दुखत नव्हतं. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत दिवसाला तीन-तीन सामने टाकले. एकोणिसाव्या वर्षी उजव्या हाताने पाण्याची बादली उचलेना. तोवर कुणी मोजलंच नव्हतं, मीही नाही.

मोजणं काय असतं ते बेसबॉलमध्ये दिसतं. तिथला चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, जागेवरूनच, दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावरून फेकतो. क्रिकेटमध्ये पंधरा अंशांपुढे कोपर सरळ करता येत नाही. पिचरला ते बंधन नाही, म्हणून कोपरावर मोठा ताण. 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातलं लिगामेंट गेलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातलं टेंडन काढून तिथे बसवलं. 1976 मध्ये तो परतला आणि वयाच्या 46व्या वर्षापर्यंत खेळला. आता बेसबॉलमध्ये प्रत्येक फेक मोजतात. शंभराच्या आसपास आकडा गेला की चांगला चाललेला पिचरही सहसा बाहेर येतो, मग चार-पाच दिवस विश्रांती.

आमच्या पोरांना अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे पाठ आहे. त्याचा पहिलाच प्रथमश्रेणी सामना म्हणजे डिसेंबर 2017 मधला इंदूरचा रणजी अंतिम सामना. विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. असा एक सामना वाट्याला यायचा तर त्या दिवशी हात शाबूत हवा. माझी वही त्यासाठीच आहे.

आज तिसावा चेंडू टाकून तो पोरगा माझ्याकडे न बघताच मागे वळला. घमेल्यात मुरूम आणला, डाव्या पायाने पडलेला खड्डा भरला, आणि त्याच पायाने दाबून बसवला.