फेसाचा बर्फ, पॅलेटची शेकोटी

डिसेंबर लागला की आमच्याकडे मोबाइलवर दोन प्रकारचे फोटो येतात. एक टोरांटो, स्टॉकहोम नाहीतर बोस्टनहून आलेला. गाडीच्या टपावर वीतभर बर्फ आणि दारात फावडं घेऊन उभा असलेला कुणाचा तरी भाचा. दुसरा आळंदीचा. त्यात इंद्रायणीचं पात्र या काठापासून त्या काठापर्यंत पांढरंशुभ्र. फोटो लहान असेल तर दोन्हींतला फरक पटकन कळत नाही, आणि ग्रुपवर कुणीतरी लिहितोच, "आपल्याकडेही पडला बघा!"

तळवडे या दोन फोटोंच्या मधलं गाव आहे. देहू आणि आळंदी यांच्या मध्ये, इंद्रायणीच्या दक्षिण काठावर वसलेलं, १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं. इथे सॉफ्टवेअर पार्क आहे, त्यामुळे ऑनसाइट जाऊन खऱ्या बर्फात फावडं मारून आलेली मंडळी गल्लोगल्ली सापडतात. पार्काजवळच्या चौकाला लोक अजून कॅनबे चौक म्हणतात. कॅनबे कंपनी कॅपजेमिनीने घेतली त्याला आता दोन दशकं होत आली, पण रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग नाही. पार्काच्या अवतीभवती शेकडो छोटी वर्कशॉपं, रुपीनगर-त्रिवेणीनगरच्या दाट वस्त्या, आणि पूल ओलांडला की निघोजे, म्हणजे चाकणचा औद्योगिक पट्टा. समुद्र इथून घाट उतरून पलीकडे, आणि बर्फ म्हणाल तर आइस फॅक्टरीतला. तरी इथल्या हिवाळ्यात किनाराही येतो आणि 'बर्फ'ही. हा हिवाळा घरात बसून मात्र दिसत नाही. तो बहुतेक वाटेवरच्या लोकांचा आहे, त्यामुळे रस्त्यावर उभं राहावं लागतं.

आधी थंडीचं बघू. पुण्यातला नोंदलेला नीचांक १.७ अंश, तारीख १७ जानेवारी १९३५. हल्ली पारा आठ-नऊवर आला तरी वर्तमानपत्रात 'हुडहुडी' छापून येते. पण पुण्याचा पारा एकच नसतो. हवामान खात्याची रोजची यादी पाहिली तर एकाच पहाटे हवेली, एनडीए, तळेगाव एका टोकाला असतात आणि चिंचवड, मगरपट्टा दुसऱ्या. मध्ये चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. सिमेंट-डांबराने दिवसभर साठवलेली ऊब शहर रात्रभर थोडी थोडी सोडत राहतं. उघडी जमीन ती झटकन आकाशात सोडून देते, तिच्या लगतची हवा गार होते, जड होते आणि उताराने नदीच्या खोलगटात जाऊन बसते. तळवड्यात ही दोन्ही टोकं एका गावात आहेत. रुपीनगरच्या गल्लीतून दुचाकी काढून नदीकडच्या रस्त्याला लागलं की गुडघ्यांना थर्मामीटर लागत नाही. त्या गार हवेवर वरून उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर, धूळ, भट्ट्यांचा वास सगळं तिथेच कोंडतं. सकाळी सातला चौकातून दिसतं ते धुकं निम्मं धुकं असतं, निम्मा धूर.

सुट्टीवर आलेला भाचा पहिल्या दिवशी टी-शर्टवर फिरतो, "ही कसली थंडी" म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी आजीची शाल मागतो. त्यात नवल नाही. स्वीडनमध्ये बाहेर उणे दहा असलं तरी घरात वीस-एकवीस अंश ठेवलेले असतात. आपल्याकडे बाहेर दहा तर पत्र्याच्या खोलीत फार तर बारा-तेरा, आणि फरशी त्याहून गार. तिकडची थंडी दाराबाहेर उभी असते, इकडची अंथरुणात येते.

किनारा येतो तो कार्तिकात. पंढरपूरची कार्तिकी एकादशी झाली की पंधरा दिवसांनी आळंदीची. वद्य अष्टमीला हैबतबाबांच्या पायरीचं पूजन होऊन सोहळा सुरू होतो आणि त्रयोदशीला ज्ञानेश्वर माउलींचा संजीवन समाधी दिन, शके १२१८ म्हणजे इसवी सन १२९६ ची आठवण. आषाढीची वारी साऱ्या जगाला माहीत आहे. टीव्हीवाले असतात, ड्रोन असतात. आळंदीच्या कार्तिकीचं तेवढं कौतुक होत नाही, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे. या वारीला रायगड-ठाण्याकडच्या दिंड्या मोठ्या संख्येने येतात. उरण, पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यातली आगरी-कोळी मंडळी खाडीकाठची भातं कापून-झोडून घेतात आणि निघतात. खोपोलीहून बोरघाट चढायचा, मग लोणावळा, कामशेत, वडगाव करत जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने देहू. तुकोबांचं दर्शन घेऊन आळंदीकडे निघालेल्या कितीतरी दिंड्या तळवड्यावरूनच पुढे जातात.

या माणसांना घाटावरची थंडी नवी असते. उरणला भर डिसेंबरातही पहाटे एका चादरीत भागतं. इथे तीच चादर डोक्यावरून घेऊन, कानाला मफलर गुंडाळून, टाळ काखेत धरून बायाबापड्या उजाडायच्या आत चालू लागतात. एका बाजूने चाकणकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या, दुसऱ्या बाजूने कंटेनर, मधून दिंडी. मावळात महामार्गावर दिंडीत वाहन घुसल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, म्हणून आता पुढे-मागे रिफ्लेक्टरची जॅकेटं घातलेले दोघे-चौघे असतात. तशीच जॅकेटं घालून नाइट शिफ्टवाले समोरून परत येत असतात. टपरीवर दोघांची गाठ पडते. "माउली, चहा घ्या." "नको माउली, उपास हाय." "चहाला कसला उपास, माउली?" एकादशीच्या सकाळी हा संवाद दर टपरीवर होतो आणि शेवटी चहा घेतला जातोच.

दिंडीच्या मुक्कामी एकदा जाऊन बसावं. एखादं मंगल कार्यालय, शाळेचा व्हरांडा नाहीतर रिकामी शेड. सोबतच्या टेम्पोतून पातेली, शिधा आणि तांदळाच्या पिठाची पोती उतरतात. आगरी बायका उकळत्या पाण्यात पीठ भिजवतात, पोळणारी उकड तळहाताने मळतात आणि ती पांढरी, मऊ, कापडासारखी घडी पडणारी भाकरी थापतात. आमच्याकडच्या बायका बाजरीची चळत आणि ठेचा घेऊन येतात. कोकणच्या मंडळींना बाजरी घशाला टोचते आणि आमच्या पोरांना तांदळाच्या भाकरीने पोट भरल्यासारखं वाटत नाही. तरी दोन्ही बाजू चवीने खातात आणि मागाहून आपापल्या माणसांत कुरकुरतात. भातावर मात्र एकमत होतं, कारण त्याच सुमारास मावळातला नवा इंद्रायणी तांदूळ बाजारात आलेला असतो. नदीचं नाव लावणारं हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातलं, १९८७ चं. नवा तांदूळ जरा जास्त चिकट होतो. आसट भात आवडणाऱ्यांना तोच हवा असतो.

दिंडी गेली की रस्ता पुन्हा शिफ्टवाल्यांचा. यंत्रांनाही थंडी वाजते हे तळवड्यातल्या वर्कशॉपमध्ये गेल्याशिवाय कळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर बंद राहिलेलं सीएनसी यंत्र सकाळी थेट कामाला जुंपता येत नाही. आधी दहा-पंधरा मिनिटं स्पिंडल मोकळा फिरवून वॉर्म-अप करावा लागतो. लोखंड दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन आक्रसतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. मोजमापाचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश आहे आणि शेडमध्ये असतात दहा. म्हणजे शंभर मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब तेवीस मायक्रॉनने लहान झालेला. पोलादी मायक्रोमीटरही थोडा आक्रसतो, त्यामुळे चूक निम्मी झाकली जाते, पण उरलेले अकरा मायक्रॉन गाड्यांच्या सुट्या भागांत नडायला पुरेसे. शिवाय यंत्र जसजसं तापतं तसं माप सरकत जातं. मग फर्स्ट शिफ्टचा ऑपरेटर पहिले दोन-तीन जॉब बाजूला ठेवतो, दर पाच जॉबांनी माप घेतो, ऑफसेट बदलतो. चाकणच्या कंपनीला बारा महिने एकच माप लागतं.

त्या ऑपरेटरच्या हातांकडे बघा. जॉब काढताना मनगटापर्यंत कूलंट येतं, दुधाळ पांढरं आणि पहाटे विहिरीच्या पाण्यापेक्षा गार. हातमोजे घालून फिरत्या यंत्राजवळ जायचं नाही, हा नियम जिवाच्या भीतीने केलेला. त्यामुळे बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि भेगांत कूलंट झोंबतं. खिशात व्हॅसलीनची डबी असते. रोडवरच्या मेडिकलमध्ये नोव्हेंबरपासून ती काउंटरवरच मांडून ठेवलेली दिसते.

रात्री वर्कशॉपांच्या फाटकांपाशी शेकोट्या पेटतात. वॉचमन, कंटेनरचे ड्रायव्हर, ओव्हरटाइम करून बस चुकलेली पोरं. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, गोरखपूर, छपरा असे सगळे जिल्हे एका जाळाभोवती. जळण म्हणजे पॅलेट, मालाखालच्या लाकडी चौकटी. यात एक गोष्ट सांगून ठेवण्यासारखी आहे. निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड नुसतं तापवून किडीमुक्त केलेलं, 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसऱ्या प्रकारचं लाकूड शेकायला वापरू नये. रंगवलेलं आणि तेल सांडलेलं तर कुठल्याही शिक्क्याचं नको. हे जाणणारे थोडे. जाणणाऱ्यांपैकीही रात्री दोन वाजता शिक्का शोधत बसणारे त्याहून थोडे.

भंगार, पॅलेट, पुठ्ठा सगळं शेजारच्या कुदळवाडीतून यायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली हजारो बांधकामं पाडली. त्या धंद्याची गरज होती आणि धोकाही होता, यावर इथे अजून वाद चालतो. धोक्याची बाजू मात्र तळवड्याने फार जवळून पाहिली आहे. ८ डिसेंबर २०२३ च्या दुपारी इथल्या एका शेडमध्ये आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तिथे विनापरवाना तयार होत होत्या. सहा बाया जागीच गेल्या, आणि भाजलेल्यांपैकी आणखी काहींनी पुढे रुग्णालयात प्राण सोडला. नाताळ आणि थर्टी फर्स्ट तोंडावर असताना त्या हातांनी मेणबत्त्या भरत होत्या. केकवर ती मेणबत्ती दिसली की आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ती पेटवत नाहीत.

आता तो बर्फ. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि तुळापूरला भीमेला मिळते. मध्ये लोणावळा, कामशेत, तळेगाव, देहू, मग आमच्या महापालिकेचा सुमारे वीस किलोमीटरचा काठ, समोर चाकणकडची गावं, आणि मग आळंदी. पावसाळ्यात पाणी भरपूर असतं, सगळं वाहून जातं. दिवाळीनंतर प्रवाह आटतो, पण नाले तेवढेच वाहतात. साबण, डिटर्जंट यांतली फेस करणारी द्रव्यं घट्ट होत जातात. थंड पाण्यात ती कुजवणारे जिवाणूही मंदावतात. अशा पाण्याने आळंदीच्या बंधाऱ्यावरून उडी घेतली की हवा घुसळली जाते आणि फेस होतो. पहाटे वारा नसतो, म्हणून तो टिकतो. उन्हाळ्यात, आषाढीच्या तोंडावरही तो कधीकधी दिसतो, पण थंडीतला दाट. जवळून पाहिला तर तो पांढरा नाही. बुडबुड्यांच्या कडांना तेलाचे रंग, तळाशी करडा गाळ, वास अर्धा साबणाचा, अर्धा गटाराचा. कार्तिकीला भाविक तो हाताने बाजूला सारतात आणि डुबकी घेतात.

बोट दाखवायला कंपन्या बऱ्या पडतात, आणि प्लेटिंगचं सांडपाणी रात्री नाल्यात सोडणारे आहेतच, त्यांना मोकळं सोडू नये. पण फेसाचा मोठा वाटा घरगुती आहे. दोन्ही काठांवर दहा-पंधरा वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींतल्या न्हाणीघरांचा, वॉशिंग मशिनांचा. लोणावळ्यापासून आळंदीपर्यंत नगर परिषदा, नगर पंचायत, छावणी परिषद, महापालिका, पीएमआरडीए, एमआयडीसी अशी नदीची वाटणी झाली आहे आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, घाण वरून येते. आळंदीकरांच्या दृष्टीने 'वरून' म्हणजे आम्ही.

संक्रांतीच्या आधी रुपीनगरच्या गच्च्यांवर भरताचे बेत सुरू होतात. जळगाव-धुळ्याकडची मंडळी या पट्ट्यात भरपूर, आणि त्यांच्यासाठी हिवाळा म्हणजे भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मोठं, फिकट हिरवं, बिया कमी असलेलं हे वांगं खास गावाहून मागवतात. गॅसवर भाजलेलं भरीत खानदेशी माणूस भरीत मानत नाही, त्याला कपाशीच्या काड्यांचा जाळ लागतो. हिरव्या मिरच्या, लसूण भाजून लाकडी भांड्यात ठेचायचा, वांगं त्यातच घोटायचं, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेल, सोबत कळण्याची भाकरी. जाळाला इथे पॅलेट पुष्कळ, पण त्यावर वांगं भाजायला कुणी तयार होत नाही. शिक्क्याची सगळी माहिती तेवढ्यापुरती सगळ्यांना असते. म्हणून जळगावहून सुटणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत वांग्यांच्या गोणीशेजारी काड्यांची मोळीही येते. क्लीनर त्या मोळीचे वेगळे पैसे मागतो, पहाटे घासाघीस होते, आणि निम्म्यावर सौदा पटतो.