ब्रिटनचे वार्तापत्र : कर्जदाराला साठ दिवसांची उसंत

ब्रिटनमध्ये कर्ज थकलेल्या माणसाला कायद्यानेच साठ दिवसांची उसंत मिळते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून लागू झालेल्या या तरतुदीला ‘ब्रीदिंग स्पेस’ म्हणतात. या साठ दिवसांत बहुतेक कर्जांवर नवे व्याज आणि दंड चढत नाही, वसुलीचे फोन आणि पत्रे थांबतात आणि जप्तीवाल्यांना दारात येता येत नाही. कर्ज माफ होत नाही. घरभाडे, वीज आणि गॅसची चालू बिले भरत राहावीच लागतात. पंचविसाव्या ते पस्तिसाव्या दिवसाच्या दरम्यान आढावा होतो आणि कर्जदार आपल्या अटी पाळत नसेल तर ही सवलत काढून घेता येते. बारा महिन्यांत ती एकदाच मिळते. मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेत असलेल्यांसाठी वेगळा नियम आहे. त्यांचे तातडीचे उपचार चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी तीस दिवस सावकार, बँक किंवा फायनान्स कंपनी यांपैकी कोणालाही तगादा लावता येत नाही.

ही उसंत कर्जदाराला परस्पर मागता येत नाही. मान्यताप्राप्त कर्ज-सल्लागाराने त्याचे सगळे कागद पाहायचे, गरज खरी आहे अशी खात्री करून घ्यायची आणि मग सरकारी यंत्रणेकडे नोंद करायची, असा क्रम आहे. सगळ्या व्यवस्थेची मेख या सल्लागारात आहे. तो ना देणेकऱ्याचा नातलग, ना घेणेकऱ्याचा नोकर. धाराशिव जिल्ह्यात बचत गट आहेत, बँका आहेत, पतसंस्था आहेत, फायनान्सवाले तर गल्लोगल्ली आहेत. पण कर्जबाजारी कुटुंबाचा हिशेब शांतपणे मांडून देणारा असा तिऱ्हाईत माणूस शोधूनही सापडत नाही. म्हणूनच ब्रिटनची ही रीत त्या जिल्ह्याच्या वाचकांपुढे सविस्तर ठेवण्याजोगी आहे.

या देशाने कर्जदाराला नेहमीच माणुसकीने वागवले, असे नाही. कर्ज फेडता आले नाही की लंडनमध्ये तुरुंगात टाकत. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ मध्ये मार्शलसी तुरुंगात ठेवले होते आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला कारखान्यात कामाला जावे लागले होते. कर्जासाठी कैद करण्याची पद्धत १८६९ च्या कायद्याने बहुतांशी बंद झाली. सल्ल्याची व्यवस्था त्यानंतर फार उशिरा उभी राहिली. ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ची केंद्रे १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच उघडली. ‘नॅशनल डेटलाइन’ ही दूरध्वनी सेवा १९८७ मध्ये बर्मिंगहॅममध्ये निघाली. आज ‘स्टेपचेंज’ या नावाने ओळखली जाणारी धर्मादाय संस्था १९९३ मध्ये सुरू झाली, तर चर्चच्या आधाराने घरोघरी जाऊन सल्ला देणारी ‘ख्रिश्चन्स अगेन्स्ट पॉव्हर्टी’ १९९६ मध्ये ब्रॅडफर्डमध्ये. या सगळ्यांकडे सल्ला मोफत मिळतो. त्याचा खर्च बऱ्याच अंशी वित्तसंस्थाच उचलतात. काही ऐच्छिक वर्गणीतून, काही सरकारने बसवलेल्या आकारणीतून. बुडालेल्या कर्जापेक्षा हळूहळू फिटणारे कर्ज त्यांनाही परवडते.

सल्ल्याची सुरुवात एका साध्या तक्त्याने होते. मार्च २०१७ पासून सगळ्या प्रमुख सल्ला-संस्था एकच नमुना वापरतात. वर घरातले सगळे उत्पन्न मांडायचे : पगार, सरकारी भत्ते, मुलांनी घरखर्चाला दिलेले पैसे. खाली खर्च : भाडे, नगरपालिकेचा कर, वीज, किराणा, प्रवास, मुलांची शाळा, कपडे, औषधे. वाढदिवस आणि सणासाठीही रकाना असतो. एवढेच नव्हे, तर अडीनडीसाठी थोडी बचतही खर्चात धरायला परवानगी असते. किराणा किंवा फोन यांसारख्या खर्चांना कुटुंबाच्या आकाराप्रमाणे ठरावीक मर्यादा असतात आणि त्या मर्यादेच्या आतल्या आकड्यावर घेणेकरी सहसा हुज्जत घालत नाहीत. उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरते, तेवढाच हप्ता. एखाद्याच्या हाती महिन्याला शंभर पौंड उरत असतील आणि त्याच्यावर तीन कर्जे असतील, ३,०००, १,८०० आणि १,२०० पौंडांची, तर शंभराची वाटणी कर्जांच्या प्रमाणात ५०, ३० आणि २० अशी होते. घेणेकऱ्यांनी व्याज थांबवले तर पाच वर्षांत सगळे फिटते. ही योजना इंग्लंडमध्ये बव्हंशी समजुतीवर चालते, तिच्यामागे कायद्याचा जोर नसतो. स्कॉटलंडमध्ये मात्र २००४ पासून तिला कायद्याचे रूप आहे आणि योजना मंजूर झाली की व्याज गोठतेच.

ज्यांच्या हाती काहीच उरत नाही, त्यांच्यासाठी २००९ पासून कर्जमुक्तीचा वेगळा आदेश आहे. जून २०२४ पासून त्याची मर्यादा ५० हजार पौंडांपर्यंत वाढली आणि त्याआधी एप्रिलमध्ये ९० पौंडांचे शुल्कही रद्द झाले. वर्षभरात परिस्थिती सुधारली नाही, तर आदेशात धरलेले कर्ज संपते. त्याहून मोठ्या रकमांसाठी १९८६ च्या दिवाळखोरी कायद्यातला तडजोडीचा मार्ग आहे. त्यात खासगी कंपन्यांचा सुळसुळाट झाला आणि गरज नसलेल्यांनाही त्या मार्गाला लावून दलाली खाण्याचे प्रकार इतके वाढले, की नियामक संस्थेला २०२३ मध्ये अशा दलालीवर बंदी घालावी लागली. सल्ला विकत मिळू लागला की तो कर्जदाराच्या बाजूचा राहत नाही, हा इथला ताजा धडा आहे.

तक्त्याइतकेच महत्त्वाचे असते, कोणाला आधी द्यायचे ते ठरवणे. इथला सल्लागार देणी दोन गटांत विभागतो. घरभाडे, घराच्या कर्जाचा हप्ता, नगरपालिकेचा कर, वीज-गॅस आणि कोर्टाचा दंड ही पहिली, कारण ती थकली तर घर जाते, दिवा जातो किंवा थेट शिक्षा होते. क्रेडिट कार्ड, दुकानाची उधारी, विनातारण कर्जे ही नंतरची. फोन कोणाचे जास्त येतात, कोण दारात येऊन मोठ्याने बोलतो, याला या वाटणीत काहीही किंमत नाही. न दिल्यास काय गमवावे लागेल, एवढेच पाहिले जाते.

धाराशिव जिल्ह्यात नेमके उलटे घडते. समजा, लोहारा किंवा भूम तालुक्यातल्या एका कोरडवाहू कुटुंबावर बँकेचे पीककर्ज आहे, घरातल्या बाईच्या नावावर फायनान्सचे गटकर्ज आहे, कृषी सेवा केंद्राची उधारी आहे आणि लग्नकार्यासाठी सावकाराकडून शेकडा पाचाने घेतलेली रक्कम आहे. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो, तोही पाऊस आणि भाव दोन्ही साथ देतील तर. तोवर फायनान्सचा हप्ता आठवड्याला किंवा महिन्याला दारात उभा असतो, कारण गटातल्या बायकांना हप्ता पुरा झाल्याशिवाय उठता येत नाही. म्हणून तो आधी. मग सावकार, कारण त्याच्याकडे खरेदीखत लिहून दिलेले असते. बँकेचे पीककर्ज सगळ्यात शेवटी राहते आणि बहुधा थकते. वास्तविक ते सगळ्यात स्वस्त कर्ज आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर शेतकऱ्याला व्याज शून्य पडते. ते थकले की सवलत जाते, पुढच्या हंगामाचे कर्ज अडते आणि जूनमध्ये बी-खतासाठी पुन्हा सावकाराची पायरी चढावी लागते. जिल्हा मध्यवर्ती बँक दीर्घकाळ अडचणीत राहिल्याने हा फेरा आणखी घट्ट झाला. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढायचे, म्हणजे जुन्याचे नवे करायचे, हे तर आता गावोगाव चालते. वाशी-कळंबकडून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाची उचल घेऊन निघतात, तेव्हा त्या उचलीतला काही भाग असल्याच हप्त्यांत आधीच गेलेला असतो.

शेजाऱ्यांच्या आधाराच्या बाबतीत मात्र धाराशिव ब्रिटनच्या कितीतरी पुढे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिवच्या गावांत घरदुरुस्तीच्या कामासाठी ज्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या, त्यांच्यातूनच बचतीचे गट वाढले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांना धरून ठेवले आणि पुढे बायकांच्या हाती एक एकर शेती देण्याचा प्रयोग केला. घरचे धान्य, डाळ, भाजी त्या एकरातून आली की हातउसने घेण्याची निम्मी कारणे मिटतात. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियान यांनी गटांचे जाळे गावोगाव नेले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही पंचसूत्री गटातल्या बायकांना तोंडपाठ असते. बैठकीत बायका गोलात बसतात, पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात, नोंदवहीत आकडा पडतो आणि तो मोठ्याने वाचून दाखवला जातो. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या. व्याज बहुतेक गटांत महिन्याला शेकडा दोन असते आणि तेही गटातच राहते. एखादीला या महिन्यात मुद्दल जमले नाही, तर फक्त व्याज घेऊन पुढचा महिना देण्याचा निर्णय तिथल्या तिथे होतो, कारण तिच्या घरात कोण आजारी आहे आणि कोणाची म्हैस आटली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. लंडनच्या सल्लागाराला ही माहिती काढायला तासभर फोनवर बसावे लागते.

ब्रिटनमध्ये अशी सोबत मुद्दाम उभी करावी लागते. १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘डेटर्स अॅनॉनिमस’च्या बैठका इथेही भरतात. आडनाव न सांगता माणसे येतात आणि आपल्या कर्जाविषयी बोलतात. नव्या माणसाच्या मदतीला दोन जुने सदस्य बसतात, त्याचा खर्च आणि देणी कागदावर मांडतात आणि पुढच्या महिन्याचा बेत ठरवून देतात. त्या दोघांनी निदान नव्वद दिवस नवे विनातारण कर्ज घेतलेले नसावे, अशी अट असते. ही माणसे एकमेकांच्या कर्जाला जामीन राहत नाहीत.

या शेवटच्या गोष्टीत मोठे मर्म आहे. बचत गटात शेजारीण ही सावकार असते, पण आपल्याच पैशाची, आणि व्याज सगळ्यांचे. फायनान्स कंपनीच्या गटात तीच शेजारीण जामीन असते. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. त्यामुळे काल मैत्रीण असलेली बाई आज वसुलीला दारात बसते आणि भरल्या घरात एका बाईची अब्रू निघते. तीच गल्ली, त्याच बायका. फक्त पैसा कोणाचा आणि धोका कोणाचा, हे बदलले की आधाराचे दडपण होते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून नियम घातला आहे, की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असू नयेत, आणि अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर त्रास देऊ नये. नियम चांगला आहे. पण घराचे खरे उत्पन्न किती, हे कर्ज देणाराच लिहितो, तोवर तो कागदावरच राहणार.

व्याजाच्या मर्यादेबाबत दोन्ही प्रदेशांची गोष्ट विलक्षण जुळते. ब्रिटनमध्ये पगारापुरती कर्जे देणाऱ्या कंपन्यांनी लोकांना नागवले, तेव्हा जानेवारी २०१५ पासून दर दिवसाला ०.८ टक्के ही कमाल मर्यादा आली. महिन्याचा हिशेब केला तर ते शेकडा २४ होतात, म्हणजे धाराशिवच्या सावकारापेक्षाही चढे. मात्र त्याच नियमात दुसरी अट आहे, की व्याज आणि दंड मिळून मुद्दलाएवढ्या रकमेच्या वर जाता कामा नये. हा आपला दामदुपटीचा नियमच आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करायला मनाई आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि सावकारीतून खरेदीखताने बळकावलेली जमीन, पंधरा वर्षांच्या आतली असेल तर, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते.

साठ दिवसांच्या उसंतीसारखी तरतूद भारतात नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदाराला नवी सुरुवात देणारे प्रकरण लिहिलेले आहे, पण सर्वसामान्य व्यक्तींसाठी ते अजून लागू झालेले नाही. त्यातली उत्पन्नाची मर्यादाही वर्षाला साठ हजार आणि कर्जाची पस्तीस हजार रुपये इतकी तोकडी आहे, की उद्या लागू झाले तरी फारच थोड्यांना त्याचा उपयोग होईल. ते प्रकरण मर्यादा वाढवून लागू करावे, ही मागणी मराठवाड्यातून जोराने व्हायला हवी.

त्यासाठी थांबण्याचे मात्र कारण नाही. बँकेचे कर्ज मागण्यापूर्वी उमेदच्या गटांत प्रत्येक घराचे उत्पन्न, खर्च आणि जुनी देणी लिहून आराखडा होतोच. ब्रिटनचा तक्ता याहून वेगळा नाही. तो कर्ज घेण्यासाठी नव्हे, फेडण्यासाठी भरला जातो एवढाच फरक. ग्रामसंघाने शेजारच्या गावातली, जिचा कर्जदार घरात पैसा अडकलेला नाही अशी, एक हिशेबी बाई यासाठी नेमली आणि कोणते देणे आधी ते तिच्यासमोर ठरले, तर तिऱ्हाईत सल्लागाराची उणीव बरीच भरून निघेल. तगादा असह्य झाला किंवा जमिनीवर कोणी डोळा ठेवला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.