पोटावरची शाईची खूण

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी परिचारिका विचारते, "काकू, परकराची नाडी कुठे बांधता? खाली बसा बघू. आता जरा वाका." पोटाच्या घड्या, बेंबी, नाडीची रेघ, जुने व्रण, सगळं चुकवून ती एक खूण करते. ती जागा काकूंना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवी. सर्जन आतड्याचं टोक तिथूनच बाहेर काढणार असतो, आणि मलाची पिशवी तिथेच लागणार असते.

पोटावर काढलेल्या या टोकाला स्टोमा म्हणतात. स्टोमा म्हणजे ग्रीक भाषेत तोंड. दिसतोही तसाच, ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर. पुसताना रक्ताचा टिपूस आला तर तो हिरडीतून येतो तसाच. बोट लावलं तरी दुखत नाही. कातडीत असतात तशा वेदनेच्या नसाच तिथे नाहीत! मधूनच तो आपसूक हलतो, कारण आतडं आपलं काम करतच असतं. परिचारिका त्याचा रंग वाचते. काळपट-जांभळा दिसला तर रक्तपुरवठा अडलाय, लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

खरी लढाई भोवतालच्या कातडीसाठी असते. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मलात पाचकरस असतात. डाळीतली प्रथिनं पचवणारे हे रस कातडीलाही सोडत नाहीत. म्हणून पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, तेव्हा माप पुन्हापुन्हा घ्यावं लागतं.

या चकतीच्या इतिहासात आपल्या डोंगरातलं एक झाड आहे, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. कांडोळ. उन्हाळ्यात निष्पर्ण, पांढऱ्याफटक खोडाचं, चांदण्यात भुतासारखं उभं. सालीला जखम झाली की त्यातून डिंक पाझरतो. हा डिंक पाणी शोषून फुगतो आणि चिकटून बसतो, म्हणून कवळी बसवायच्या भुकटीत तो वापरत. 1950च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी तो स्टोमाभोवतीच्या सोललेल्या कातडीवर वापरला. कातडी वाचली. आज चकतीत पेक्टिनही असतं, जॅम घट्ट करणारं तेच.

टर्नबुल यांनी आणखी एक गोष्ट केली, मला ती डिंकाहून मोठी वाटते. नॉर्मा गिल ही त्यांची पेशंट, स्वतःला स्टोमा असलेली. 1958 साली त्यांनी तिलाच कामावर घेतलं. जिने हे भोगलं होतं तीच इतरांना शिकवू लागली, आणि त्यातूनच परिचर्येची ही शाखा उभी राहिली.

आजही शिकवणं हेच मुख्य काम. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करा, तुडुंब भरली तर वजनानं चकती सुटते. चकती लावल्यावर तळवा त्यावर थोडा वेळ दाबून धरा. अंगाच्या उबेनं ती मऊ होते आणि पकडते. पहिल्या दिवशी हा तळवा परिचारिकेचा असतो. मग ती काकूंचा हात धरून तिथे ठेवते आणि आपला हळूच काढून घेते.