मांजराला शांत करणारे यंत्र : उपयोग किती, धोका किती?

पळसदेवच्या परिसरात मांजरांना तोटा नाही. उजनीचे पाणी जवळ, मासळी जवळ, आणि घरात धान्याची पोती असल्यामुळे उंदरांसाठीही मांजर लागतेच. पूर्वी मांजर आजारी पडले तर त्याला कोणी दवाखान्यात नेत नसे. आता पुण्या-मुंबईला नोकरीस असलेली मुले मांजर पाळतात, लस टोचतात आणि सुट्टीत गावी येताना बरोबर घेऊन येतात. त्यांच्यासोबत भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचे एक यंत्रही येऊ लागले आहे. ‘हे लावले की मांजर शांत राहते’ असे सांगितले जाते. वडीलधाऱ्यांना ते डासांचेच यंत्र वाटते. मग घरातल्या बाया विचारतात, यात गुंगीचे औषध तर नाही ना? घरात तान्हे लेकरू आहे, त्याला बाधेल काय? प्रश्न अगदी रास्त आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

या यंत्रातील द्रव्याला फेरोमोन म्हणतात. एका प्राण्याने आपल्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याला गंधातून दिलेला निरोप, असा त्याचा अर्थ. हा शब्द 1959 साली रूढ झाला. त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी रेशीम किड्याच्या मादीचे असे द्रव्य वेगळे केले. त्यासाठी त्यांना सुमारे पाच लाख पतंग लागले! आपल्या शेतकरी वाचकांना हे नवे नाही. कपाशीच्या बोंडअळीसाठी किंवा वांग्यावरील अळीसाठी जे कामगंध सापळे लावतात, त्यांचे तत्त्व हेच. मादीच्या गंधाला भुलून नर पतंग सापळ्यात येतो.

मांजराचा गंध मात्र वेगळा. मांजर दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला, आपल्या पिंढरीला गाल घासते, हे सर्वांनी पाहिले आहे. आपण म्हणतो लाडात आले. लाड असतोच, पण त्याच वेळी गालाजवळच्या ग्रंथींतील गंध ते तिथे लावत असते. ‘ही जागा ओळखीची आहे, इथे भीती नाही’ अशी ती खूण. फ्रान्सचे पशुवैद्य पॅट्रिक पाजा यांनी या गंधाचे घटक शोधले आणि 1990 नंतरच्या दशकात त्याची कृत्रिम नक्कल ‘फेलिवे’ या नावाने बाजारात आली. मांजराच्या टाळूवर हा गंध टिपणारे खास इंद्रिय असते. माणसाला या गंधाचा पत्ताही लागत नाही. हे गुंगीचे औषध नव्हे. त्याने मांजर झोपाळू होत नाही.

आता मुख्य प्रश्न. गुण येतो का?

2010 साली अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तोवरच्या प्रयोगांची छाननी प्रसिद्ध झाली. मूत्राशयाच्या दाहावर किंवा दवाखान्यात घाबरलेल्या मांजरावर उपयोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. 2011 साली दुसऱ्या अभ्यासकांनी घरात जागोजागी मूत्राचा फवारा मारणाऱ्या मांजरांवरील प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा मात्र फेरोमोनचा फायदा दिसला. 2019 साली एकमेकांशी भांडणारी मांजरे असलेल्या 45 घरांत प्रयोग झाला. काही घरांत खरे यंत्र, काही घरांत नुसते द्रावण. खऱ्या यंत्राच्या घरांत भांडणे अधिक कमी झाली. पण मांजरांना कसे हाताळावे याचे धडे दोन्ही गटांना दिले होते, आणि पैसा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा होता. आम्ही हिशेबाच्या कामातली माणसे. ज्याचा माल त्यानेच वजन केले, तर काटा एकदा पुन्हा पाहावा, एवढेच म्हणतो.

एक बाटली साधारण 30 दिवस चालते, म्हणजे वर्षाला बारा बाटल्या. यंत्र 50 ते 70 चौरस मीटर बंद जागेसाठी आहे. आपल्याकडे दार दिवसभर सताड उघडे, आणि वीज गेली की यंत्र थंड. शहरातील बंद खोल्यांत जे जमते ते पत्र्याच्या घरात तितके जमेल असे आम्हांस वाटत नाही.

घरातल्या माणसांना आणि लेकरांना या वाफेची सहसा बाधा होत नाही. जपायचे ते बाटलीतल्या द्रवाला. त्यात बहुतांश पातळ खनिज तेल असते. पोराने तोंडाला लावले आणि ठसका लागून ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतू शकते. उलटी करवू नये, थेट दवाखाना गाठावा. यंत्र गरम होते, म्हणून पडद्यामागे, कपाटाखाली, गादीशेजारी लावू नये, आणि ढिल्या सॉकेटमध्ये तर मुळीच नाही.

यापेक्षा जास्त धोका दुसऱ्याच वस्तूंचा आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी सुगंधी तेलांची यंत्रे — निलगिरी, लवंग, टी ट्री — मांजराला बाधू शकतात, कारण असे पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते. कुत्र्याच्या गोचिडांचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला कधीही लावू नयेत. डासांच्या लिक्विडमध्येही त्याच कुळातील औषध असते. खिडकी उघडी ठेवावी, आणि सांडलेले लगेच पुसावे, कारण मांजर पाय चाटते.

मांजर बिथरते कशाने, ते आधी पाहावे. उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसनाथाचे जुने मंदिर आजही उघडे पडते. मूळ जागेतून उठण्याचे दुःख या गावाला समजावून सांगायला नको. मांजराचा जीवही माणसापेक्षा जागेत अधिक अडकलेला असतो. जागा बदलली की ते पोटमाळ्यावर दडते, खात नाही. अशा वेळी त्याचे जुने पोते किंवा गोधडी न धुता नव्या जागी अंथरावी. तिला त्याचा स्वतःचा गंध असतो, आणि तो फुकट आहे. चार-आठ दिवस एकाच खोलीत ठेवावे. दिवाळीच्या फटाक्यांत लपायला खोके द्यावे. दोन मांजरे असतील तर मातीची घमेली तीन ठेवावीत आणि खाण्याची भांडी वेगळी. बोका फवारे मारत असेल तर नसबंदी करावी; बहुतेक बोक्यांची ती सवय त्याने सुटते. एवढे करूनही जमले नाही आणि खिशाला झेपत असेल, तर महिनाभर यंत्र लावून पाहायला हरकत नाही.

मात्र बोका वारंवार घमेल्यात बसतो, कण्हतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर तो मनाचा त्रास समजून यंत्र लावत बसू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत बोका दगावतो. लगेच जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. मोठ्या उपचाराची गरज पडली तर शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जाताना मांजराला पोत्यात कोंबू नये. झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेले खोके घ्यावे, आणि वर तीच न धुतलेली गोधडी टाकावी.