सार्वजनिक उपद्रव : दावा कोणीं लावावा?

गेल्या पावसाळ्यापूर्वींची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, मुरब्याचा मच्छीमार, तारापुरास आमच्या ओटीवर येऊन बसला. जाळ्यास काळा गाळ लागतो, खाडींत पूर्वींसारखी मासळी मिळत नाहीं, असें सांगून तो म्हणाला, "गुरुजी, खाडी आमची, मग मी एकटा कोर्टांत कां जाऊं शकत नाहीं?" प्रश्न साधा, परंतु उत्तरासाठीं मला कायद्याचीं पुस्तकें पुन्हा उघडावीं लागलीं.

शेजाऱ्याच्या धुराड्यानें माझें घर काळें झालें तर तो खाजगी उपद्रव; दावा माझा. रस्ता, वारा, पाणी हीं मात्र सर्वांचीं. तीं बिघडलीं तर उपद्रव सार्वजनिक होतो, आणि तेथें जुना नियम असा कीं, इतरांहून निराळें असें विशेष नुकसान आपणांस झालें हें दाखविल्यावांचून एकट्यास दावा चालवितां येत नाहीं. एका गटाराबद्दल हजार माणसांनीं हजार दावे लावूं नयेत, हा त्यामागील हेतु. मुंबई हायकोर्टानें १८७७ सालीं सटकू विरुद्ध इब्राहीम आगा या खटल्यांत सार्वजनिक रस्त्याविषयीं हाच नियम लाविला. पुढें १९२४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें मिरवणुकीच्या हक्कापुरता तो अमान्य केला.

आतां माझ्या विद्यार्थ्याचें काय? त्याची बुडालेली मिळकत हें विशेष नुकसान, असें तो म्हणेल. प्रतिपक्ष म्हणेल, तें तर सगळ्या कोळीवाड्याचेंच झालें आहे! म्हणजे जितक्या अधिक लोकांस त्रास, तितका एकट्याचा हक्क दुबळा. मला हा न्याय कधींच फारसा पटला नाहीं.

यावर तोड १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९१ व्या कलमांत आहे. विशेष नुकसान नसलें तरी दोन किंवा अधिक माणसांस मिळून दावा लावतां येतो. पूर्वीं त्यास ॲडव्होकेट जनरलची लेखी संमति लागे. १९७६ च्या दुरुस्तीनें कोर्टाची परवानगी पुरेशी झाली.

दुसरी वाट मॅजिस्ट्रेटची. पूर्वींच्या १३३ व्या कलमाच्या जागीं १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचें १५२ वें कलम आलें आहे. त्याखालीं उपद्रव दूर करण्याचा हुकूम निघतो, आणि रीतसर निघालेल्या हुकुमास दिवाणी कोर्टांत आव्हान देतां येत नाहीं. पैसे नाहींत ही नगरपालिकेची सबब चालणार नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें १९८० सालीं रतलामच्या प्रकरणीं बजाविलें. कोणाची सोय होते म्हणून उपद्रव क्षम्य ठरत नाहीं, हेंही कायद्यांत स्पष्ट आहे. बोईसरच्या कारखान्यांवर हजारों चुली पेटतात हें खरें, पण तेवढ्यानें उत्तर होत नाहीं. दंड मात्र पूर्वीं दोनशें रुपयांपर्यंत होता, आतां हजारांपर्यंत. कारखानदारास तो काय जाणवणार!

प्रदूषणापुरती तिसरी वाट राष्ट्रीय हरित लवादाची; कायदा २०१० चा. येथें पीडितांच्या प्रातिनिधिक संस्थेसही अर्ज करतां येतो. अखिल भारत मांगेला समाज परिषदेनें तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याबद्दल लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्यें सामायिक सांडपाणी केंद्रावर व अनेक कारखान्यांवर भरपाई बसविण्याचा हुकूम झाला. परंतु या दारास मुदतीचा अडसर आहे. वादाचें कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज झाला पाहिजे. भरपाईसाठीं पांच वर्षें. सबळ कारण असल्यास वर साठ दिवस. लवादाच्या कक्षेंतील भरपाईचे प्रश्न दिवाणी कोर्ट ऐकत नाहीं, म्हणून येथें चुकलेली तारीख तेथें भरून काढतां येत नाहीं.

"प्रथम म्हणजे केव्हां?" त्यानें विचारलें. "गाळ तर वर्षानुवर्षें येतो." त्यास तारीख सांगतां येईना. मीं त्यास एक कोरी वही दिली. जाळें कोठें टाकलें, काय लागलें, किती मासळी फुकट गेली, तें दिवसवार लिही म्हटलें, आणि सोबत आणखी कोण येतील त्यांचीं नांवें पहिल्या पानावर घे म्हणून सांगितलें.