आजीचं दुःख नातवाच्या डीएनएत उतरतं का? मानसिक आजार आणि एपिजेनेटिक्स

'घराण्यात कुणाला मानसिक आजार आहे का?' लग्नाची बोलणी सुरू असताना हा प्रश्न आजही दबक्या आवाजात विचारला जातो. काकांना स्किझोफ्रेनिया असेल, तर पुतणीच्या स्थळावर फुली पडते. आजार रक्तातून येतो आणि आला की त्यावर इलाज नाही, अशी समजूत त्यामागे असते.

सोशल मीडियावर आता या समजुतीचं नवं रूप दिसतं. 'तुमच्या आजीनं सोसलेलं दुःख तुमच्या डीएनएत साठलेलं आहे' असं सांगणाऱ्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. त्यात एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे एपिजेनेटिक्स.

हे शास्त्र खरं आहे. पण ते नेमकं काय सांगतं आणि काय सांगत नाही?

जुळ्या भावंडांचं कोडं

अगदी एकसारखी दिसणारी जुळी भावंडं जवळपास सारखाच डीएनए घेऊन जन्माला येतात. स्किझोफ्रेनिया फक्त जनुकांमुळे होत असता, तर एकाला झाला की दुसऱ्यालाही झालाच असता. प्रत्यक्षात साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी जोड्यांमध्ये तसं होतं. सर्वसाधारण लोकांमध्ये या आजाराचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. म्हणजे जनुकांचा वाटा मोठा आहे, पण सगळी गोष्ट जनुकांवर संपत नाही.

मग उरलेला भाग कुठून येतो? एपिजेनेटिक्स या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा देतं.

एपिजेनेटिक्स म्हणजे काय?

तुमच्या यकृतातल्या पेशीत आणि मेंदूतल्या पेशीत डीएनए एकच असतो. तरी दोघींची कामं वेगळी, कारण प्रत्येक पेशी सगळी जनुकं वापरत नाही.

पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक डोळ्यासमोर आणा. पुस्तक प्रत्येक घरात तेच आहे. पण एका घरात काही पानं टाचणी लावून बंद केली आहेत, तर दुसऱ्या घरात त्याच पानांवर खूण घालून ती उघडी ठेवली आहेत. मजकूर बदललेला नाही, तरी दोन्ही घरांतला स्वयंपाक वेगळा होणार.

पेशीत हे काम रासायनिक खुणा करतात. त्यातली सर्वात जास्त अभ्यासलेली खूण म्हणजे मिथाइल गट. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर हे गट चिकटले की ते जनुक बहुतेक वेळा शांत होतं. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या हिस्टोनवरही अशा खुणा असतात. 'एपिजेनेटिक्स' हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये आणला, तेव्हा डीएनएची रचनाही उलगडली नव्हती.

आहार, ताण, धूम्रपान, वाढतं वय यांचा या खुणांवर परिणाम होतो. २००५ मध्ये ४० जुळ्या जोड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान वयाच्या जोड्यांमध्ये या खुणा जवळपास सारख्या होत्या, तर वय वाढलेल्या जोड्यांमध्ये त्या बऱ्याच वेगळ्या झाल्या होत्या.

उपासमारीची खूण साठ वर्षांनंतरही

१९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सचा पश्चिम भाग जर्मनीच्या ताब्यात होता. जर्मनांनी अन्नपुरवठा रोखला आणि माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. हजारो माणसं दगावली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाल्यावर अन्न पुन्हा मिळू लागलं.

ही उपासमार कधी सुरू झाली, कधी संपली, याची नोंद होती. त्यामुळे त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांचा पुढे माग काढता आला. उपासमार टोकाला असताना ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळलं. चीनमधल्या १९५९-६१ च्या दुष्काळाच्या अभ्यासातही असंच चित्र दिसलं.

२००८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. गर्भधारणेच्या सुमारास उपासमार सोसलेल्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावर, त्यांच्याच भावंडांच्या तुलनेत, मिथाइलच्या खुणा कमी होत्या. तेही सहा दशकांनंतर!

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. या खुणांमुळेच स्किझोफ्रेनिया झाला, असं यातून सिद्ध होत नाही. आणि धोका दुप्पट झाला, तरी त्यातल्या बहुसंख्य लोकांना हा आजार झालाच नाही.

मायेचा स्पर्श आणि ताणाचं जनुक

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे शिफ यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माद्या पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. कमी चाटलेली पिल्लं मोठेपणी जास्त भित्री निघाली. शरीरातला ताण आवरायला मदत करणाऱ्या एका जनुकावर, त्यांच्या मेंदूत मिथाइलच्या खुणा जास्त होत्या.

हीच पिल्लं जन्मल्याबरोबर खूप चाटणाऱ्या मादीकडे दिली, तर चित्र पालटलं. म्हणजे फरक रक्तातून नाही, संगोपनातून आला होता. पुढे प्रौढ उंदरांच्या मेंदूत एक औषध सोडल्यावर या खुणा आणि ताणाला मिळणारा प्रतिसाद दोन्ही बदलले. ही खूण कायमची नव्हती.

२००९ मध्ये याच गटाने आत्महत्येने मृत्यू झालेल्या व्यक्तींच्या मेंदूचा अभ्यास केला. ज्यांनी बालपणी अत्याचार सोसले होते, त्यांच्यात त्याच जनुकावर तशाच खुणा दिसल्या. मात्र प्रत्येक गटात फक्त १२ मेंदू होते. म्हणून हा निष्कर्ष महत्त्वाचा असला, तरी अंतिम नाही.

मग आजीच्या दुःखाचं काय?

ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुलं यांच्यावरचा एक अमेरिकी अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो. त्यात ताणाशी संबंधित एका जनुकावर पालक आणि मुलं दोघांतही वेगळेपण आढळलं. पण संख्या लहान होती आणि फरक बारीक. शिवाय आघात सोसलेल्या आईवडिलांच्या घरात वाढण्याचाही परिणाम होतोच. तो वेगळा काढणं अवघड आहे.

दुसरी अडचण जीवशास्त्राची आहे. गर्भधारणेनंतर सुरुवातीलाच बहुतेक जुन्या खुणा पुसल्या जातात. आणि गरोदर बाईच्या पोटात मुलगी असेल, तर त्या मुलीची बीजांडंही तिथेच तयार होत असतात. म्हणजे आजीनं गरोदरपणी उपासमार सोसली, तर तिची झळ नातवंडांच्या बीजापर्यंत थेट पोहोचते. याला वारसा म्हणणं घाईचं ठरेल. वनस्पती आणि काही प्राण्यांत खुणा पुढच्या पिढ्यांत जाताना दिसल्या आहेत, माणसात मात्र त्याचा पक्का पुरावा नाही.

तुमच्या-आमच्यासाठी याचा अर्थ

मानसिक आजाराचं निदान करणारी एपिजेनेटिक चाचणी आज उपलब्ध नाही. 'डीएनएतला आघात काढून देतो' असं सांगून कुणी कोर्स विकत असेल, तर पैसे वाचवा. निदान आजही लक्षणं ऐकून आणि रुग्णाशी बोलून होतं. औषधं आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.

आणि या शास्त्राचा वापर आईला दोष द्यायला करू नका. 'गरोदरपणात तू ताण घेतलास म्हणून' हे वाक्य जितकं क्रूर, तितकंच चुकीचं आहे. डच आयांनी उपासमार स्वतःहून ओढवून घेतली नव्हती. गरोदर बाईला पुरेसं अन्न आणि लहान मुलाला सुरक्षित घर मिळणं, ही घरातल्या सगळ्यांची आणि सरकारचीही जबाबदारी आहे.

राहता राहिला स्थळाचा प्रश्न. काकांचा आजार पुतणीचं भविष्य ठरवत नाही. ते जनुकं एकटी ठरवत नाहीत आणि त्यांच्यावरच्या खुणाही नाहीत.

तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला मदत हवी असेल, तर केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत उपलब्ध आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं.