हस्तलिखित कोणास दाखवावे?

लेखन हे एकांतातले काम आहे, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. लिहिताना लेखक एकटा असतो; पण लिहिलेले साधले की नाही, हे त्याचे त्यास क्वचितच उमगते. मग तो घरच्या मंडळींस वाचून दाखवितो. वडील माणसे कौतुक करितात, धाकटी भावंडे टिंगल करितात. आणि कौतुक काय किंवा टिंगल काय, नेमके काय बदलावे याचा उलगडा त्यातून होत नाही. तो बहुधा त्याच विद्येतला माणूस करू शकतो. याचे एक नामांकित उदाहरण इंग्रजी काव्याच्या इतिहासात आहे.

टी. एस्. एलियट हा कवी १९२१ साली लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीस होता. त्या वर्षी मनःस्वास्थ्य ढासळल्यामुळे त्यास तीन महिन्यांची रजा घ्यावी लागली. प्रथम इंग्लंडातील मार्गेट व पुढे स्वित्झर्लंडातील लोझान येथे विश्रांती घेत असता त्याने 'द वेस्ट लँड' हे दीर्घकाव्य पुरे करीत आणिले. १९२२ च्या जानेवारीत, परतीच्या वाटेवर, पॅरिसमध्ये त्याने ते बाड एझ्रा पाउंड या कविमित्रापुढे ठेविले.

पाउंडने नुसती मान डोलाविली नाही. हाती लेखणी घेतली. तिसऱ्या भागाच्या आरंभी पोप कवीच्या धर्तीवर सुमारे ७० ओळी होत्या. पोपने जे उत्तम करून ठेविले आहे ते पुन्हा करण्यात अर्थ नाही, असे सांगून त्याने त्या काढावयास लाविल्या. चौथ्या भागातील सागरप्रवासाचे लांबलचक वर्णन गेले व केवळ १० ओळी उरल्या. एलियट इतका खचला की, त्या १० ओळीही गाळाव्या काय, असे त्याने विचारिले. तेव्हा पाउंडनेच त्यास अडविले. त्या ओळी काव्यास आवश्यक आहेत, असा त्याचा आग्रह पडला. शेवटच्या भागाची उभारणी बृहदारण्यकोपनिषदातील प्रजापतीच्या त्रिवार 'द' या उपदेशावर आहे, हे आपल्या वाचकांस विशेष वाटेल. त्या भागास पाउंडने जवळजवळ हातच लाविला नाही. काय काढावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कोठे हात आवरावा हे जाणणारा विरळा.

तथापि एलियटने आपला विवेक गहाण टाकिला नव्हता. दुसऱ्या भागातील एका अस्वस्थ संवादापाशी पाउंडने, हे केवळ छायाचित्रण तर नव्हे, अशा अर्थाची शंका नोंदविली. त्याच जागी एलियटच्या पत्नीने, व्हिव्हियनने, मनापासून वाहवा लिहिली. तो संवाद काव्यात राहिला. तिने सुचविलेले शब्दही कवीने घेतले. म्हणजे घरचा अभिप्राय निरुपयोगी असतो असे नाही. तो विशिष्ट ओळीवर बोट ठेवून दिलेला असावा, इतकेच.

काव्य १९२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले व इंग्रजी कवितेस त्याने वेगळे वळण लाविले. एलियटने ते पुढे पाउंडला अर्पण केले. १९२५ च्या संग्रहात ही अर्पणपत्रिका छापली आहे. त्यासाठी दांतेने आर्नो दानियेल या कवीचा सरस कारागीर म्हणून केलेला गौरव त्याने उसना घेतला. मूळ बाड अनेक वर्षे दृष्टीआड होते. १९७१ साली त्याची हुबेहूब प्रतिकृती निघाली, तेव्हा पाउंडची काटछाट जगास पाहावयास मिळाली.

आपल्याकडेही असा परिपाठ होता. पुण्यास १९२३ साली निघालेल्या रविकिरण मंडळातील कवी एकमेकांस आपल्या कविता वाचून दाखवीत. श्रीधर व मनोरमाबाई रानडे हे दांपत्य त्या मंडळात होते. ऐकणारेही लिहिणारेच असले म्हणजे शब्द कोठे अडतो हे त्यांस चटकन कळते.

घरात एखादा मुलगा, कन्या किंवा सून लिहीत, चित्रे काढीत वा गात असेल, तर वडीलधाऱ्यांनी कौतुक अवश्य करावे. पण तेवढ्यावर थांबू नये. त्या विद्येतल्या जाणत्या सोबत्यांशी त्यांची गाठ घालून द्यावी. शिकणाऱ्यानेही काम पक्के होऊन बसण्यापूर्वीच न्यावे, "कसे वाटले?" याऐवजी "कोठे फसले?" असे विचारावे, आणि सर्व ऐकून घेऊन अखेरचा निर्णय स्वतःच करावा. कारण सल्ला दुसऱ्याचा असला, तरी कृतीखाली नाव आपलेच राहते.